चादरींचे विक्रेते, मंडळीचे वडील

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पुरवणीतील निधनवार्तांमध्ये आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, एका ज्येष्ठ वडिलांच्या (सभासदांनी निवडलेल्या कारभाऱ्याच्या) निधनाची तीन ओळींची बातमी आली. वय 93, चादर कारखान्यातील निवृत्त सेल्समन, पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे, पतवंडे; एवढेच. बातमीत चूक काही नव्हती, पण ज्यांनी हे आयुष्य जवळून पाहिले त्यांच्यापैकी कोणीतरी त्यात भर घालायला हवी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव छापून आणण्याचा त्यांना हयातभर कंटाळा होता आणि घरच्यांनीही तेच सांगितले आहे. तसेही सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या जुन्या व्यापाऱ्यांना नुसते ‘काका’ म्हटले तरी पुरते.

सोलापूरने मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांची फाशी पाहिली, त्यानंतर लवकरच त्यांचा जन्म झाला. त्यांचे जन्मदाते वडील जुन्या मिलमध्ये कामाला होते आणि घरातली चूल मिलच्या भोंग्यावर पेटत असे. कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले, त्यामुळे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले. मॅट्रिकनंतर काही दिवस त्यांनीही गिरणीत बदलीवर काम केले, पण रोज सकाळी दारात उभे राहून आज काम मिळते की नाही याची वाट पाहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शहराच्या पूर्व भागातील एका तेलुगू कारखानदाराने त्यांना चादरींचे नमुने देऊन लाइनवर, म्हणजे गावोगावच्या दुकानांत विक्रीसाठी फिरायला, पाठवले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे ते त्याच पेढीचे राहिले. मराठी घरची होती, तेलुगू मागांवर शिकले, कानडी विजापूर-गुलबर्ग्याच्या दुकानदारांनी शिकवली आणि उर्दूमिश्रित हिंदी तर सोलापूरच्या प्रत्येकाला येतेच.

त्यांची लाइन मोठी होती. कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी लाइट या छोट्या रेल्वेने बार्शी, तिथून पुढे येडशीला उतरून एसटीने उस्मानाबाद, पुन्हा गाडीने लातूर. दुसऱ्या खेपेला हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग, उमरगा आणि आतली बाजाराची गावे. त्या छोट्या गाडीचा वेग पाहता दोन स्टेशनांच्या मध्ये आख्खे स्तोत्र पाठ होते, असे ते म्हणत आणि त्यांची बरीच स्तोत्रे तशीच पाठ झाली होती. तरुणपणी मी त्यांच्याबरोबर गेलो आहे, म्हणून त्यांची विक्रीची पद्धत मला ठाऊक आहे. दुकानात शिरल्यावर ते आधी बॅग उघडत नसत. मालकाच्या घरची चौकशी होई, मग मागच्या मालातले काय पडून आहे ते विचारले जाई, आणि ते फडताळातून काढून स्वतः पाहिल्याशिवाय नवा नमुना बाहेर येत नसे. त्यानंतर खिशातला पांढरा रुमाल पाण्यात भिजवून ते चादरीच्या लाल काठावर दुकानदारासमोर जोराने घासत आणि रुमाल त्याच्याच हातात देत. रंगाची एवढी खात्री दिल्यावर दुसऱ्या कोणी दुप्पट ऑर्डर लिहून घेतली असती. काका मात्र पन्नास मागणाऱ्याला तीसच घ्या म्हणत, कारण उरलेल्या वीस चादरींची उधारी शेवटी त्यांनाच वसूल करावी लागणार होती. पेढीवर यावरून कुरकुर होई, पण त्यांच्या लाइनवर बुडीत खाती फारशी नव्हती, हे मालकही जाणून होते.

त्यांचा एकच हट्ट होता: रविवारची उपासना चुकू नये म्हणून शनिवारी रात्री काहीही करून सोलापूर गाठायचे. दिवाळीपूर्वीच्या भर हंगामात, जेव्हा रविवारीही दुकाने उघडी असत, तेव्हासुद्धा त्यांनी हा नियम मोडला नाही. वयाच्या पस्तिशीतच सभासदांनी त्यांना मंडळीचे वडील म्हणून निवडले. पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) बरोबरीने मंडळीचा कारभार पाहायचा, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जायचे, घराघरांतले तंटे मिटवायचे आणि पैशाचा हिशेब ठेवायचा, अशी ती जबाबदारी असते. हिशेबाच्या बाबतीत ते पेढीपेक्षाही कडक होते. दानार्पणाची थैली एकट्याने मोजायची नाही, दोघांनी मोजून दोघांनी सही करायची, हा नियम त्यांनी लावला आणि पहिली काही वर्षे त्यापायी लोकांचा रोषही घेतला. ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का’ असे विचारणाऱ्यास ते शांतपणे सांगत, की विश्वास आहे म्हणूनच तुमच्यावर संशय येऊ नये अशी व्यवस्था करतो आहे. आज कित्येक धर्मस्थळांच्या जमिनी आणि पैशांचे वाद कोर्टात पडून आहेत, ते पाहता त्यांचा हेका किती रास्त होता हे कळते.

कापणीच्या सणाला मात्र त्यांच्यातला विक्रेता उपासनेच्या आवारातही मोकळा सुटे. सभासदांनी अर्पण केलेल्या ज्वारीच्या पोत्याचा, भोपळ्याचा, कोंबडीचा लिलाव पुकारण्याचे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच होते. एक साधा भोपळा ते हातात फिरवून अशा थाटात दाखवत, की बोली बोलणाऱ्यांत चढाओढ लागे. आणि एखाद्या गरीब विधवेने भिडेपोटी बोली वाढवलेली दिसली, की तिच्याकडे न पाहता वरची बोली स्वतःच लावून ते प्रकरण मिटवत. दोष नव्हते असे नाही. त्यांची प्रार्थना लांबत असे, उपासनेत गिटार आणण्याला त्यांनी बरीच वर्षे आडकाठी केली, आणि तरुणांशी ते नको तितक्या करड्या आवाजात बोलत.

पण त्यांच्याविषयी सर्वांत मोठी गोष्ट सांगायची तर ती 1993 ची आहे. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, त्या आधीच्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक उशिरा झोपलेले होते, आणि सोलापूरच्या घरांतही भांडी वाजली. काका तेव्हा निवृत्तीच्या वयाला आलेले होते. उमरगा, सास्तूर, किल्लारी ही त्यांची लाइनवरची गावे. तिथल्या दुकानदारांची घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची होती हे त्यांना माहीत होते, त्यामुळे काय झाले असेल याचा अंदाज त्यांना बातम्यांच्या आधी आला. आमच्या मंडळीने कपडे आणि धान्य गोळा केले, पेढीने चादरींच्या गाठी दिल्या, आणि काका आपली ऑर्डर बुके घेऊन ट्रकमध्ये बसले. मदत घेऊन येणाऱ्यांची तिथे गर्दी होती, पण कोणते कुटुंब कोणत्या गल्लीत, त्यात माणसे किती, कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीला म्हणून वाचला असेल, हे सांगू शकणारे बाहेरचे लोक थोडे होते. ऑर्डर बुकातल्या एकेका नावापुढे ते पेन्सिलीने खूण करत गेले. ज्यांच्याकडे पेढीची उधारी निघत होती त्यांची यादी त्यांनी परत आल्यावर मालकांसमोर ठेवली आणि ती सारी खाती बंद करा असे सांगितले. मालकांनी ती केलीही, याची नोंद त्या कारखानदाराच्या नावे व्हायला हवी. पुढे कित्येक महिने काका सुटीच्या दिवशी तिकडे जात, आणि रविवार न चुकवण्याचा नियम त्यांनी मोडला तो याच काळात. मंडळीत कोणी त्याबद्दल टोकले नाही.

निवृत्तीनंतर चादरीचा धंदा उतरत गेलेला त्यांनी पाहिला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळूनही पानिपतचा हलका माल सोलापुरी म्हणून विकला जातो याचा त्यांना मनस्वी संताप होता. नवी पेठेतल्या दुकानात कोणी तसा माल दाखवला, तर ते अजूनही खिशातला रुमाल काढत.

संपादक महोदय, दोन विनंत्या आहेत. या शहराची चादर गावोगाव नेणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांची पिढी आता संपत आली आहे. कारखानदारांवर आणि गिरण्यांवर पुष्कळ लिहिले गेले, पण या माणसांच्या आठवणी कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत, तेव्हा आपण वाचकांकडून त्या मागवाव्यात. काकांची ऑर्डर बुके घरच्यांनी जपून ठेवली आहेत आणि अभ्यासकाला ती दाखवायची त्यांची तयारी आहे. दुसरी विनंती अशी, की हे पत्र आपल्या लातूर आणि धाराशिव आवृत्त्यांतही छापावे. निधनाची बातमी फक्त सोलापूर शहरात आली, आणि त्यांचे अर्धे गणगोत उमरगा-बार्शीकडच्या दुकानांतून बसलेले आहे. त्यांना अजून काही कळलेले नसेल.

आपला,
मंडळीचा एक सभासद,
सोलापूर