वॉचमन काकांना, रजिस्टरच्या मागच्या पानाबद्दल

काका, नमस्कार.

एका सोमवारी गेटवर नवा माणूस दिसला, तेव्हा कळलं की तुमची बदली झाली. एजन्सीकडे तुमचा नंबर मागितला, तर "तसा देता येत नाही" म्हणाले. म्हणून जे समोर उभं राहून दोन मिनिटांत बोलून झालं असतं, ते असं जाहीर लिहावं लागतंय. तुमचा मुलगा मोबाइलवर तुम्हाला काहीबाही वाचून दाखवतो, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. त्याच्या नजरेला पडलं तर पडलं.

मी तिसऱ्या मजल्यावरची, रात्रपाळीची. रात्रीतून सहा-सात वेळा खाली येऊन कट्ट्यापाशी सिगारेट ओढणारी. सोडून आता ११ महिने झाले.

सोळा वर्षं ओढत होते. डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली. (डॉक्टर हेच आधी विचारतात, जाग आल्यावर किती वेळात पेटवता, निकोटीनने माणसाला किती धरलंय ते त्यावरून कळतं.) त्याआधी तीनदा कमी-कमी करून पाहिलं होतं. पंधरावरून दहा, दहावरून सहा. पंधरा ओढायचे तेव्हा सिगारेटचा विचार करायला सवडच नव्हती. सहावर आले आणि दुसरं काही सुचेना. आता ओढू की जेवणानंतर ओढू, उद्याची एक आज घेतली तर चालेल का... दिवसभर नुसता हिशेब. आणि मोजून मापून ओढलेली ती सिगारेट इतकी गोड लागायची की सोडायचं मनच होईना. म्हणून चौथ्या वेळी ठरवलं, हिशेबच नको. पाकीट पाण्याखाली धरलं, लायटर देऊन टाकला.

त्या रात्री दीडच्या सुमाराला खाली आले आणि तुम्हाला म्हटलं, "काका, आजपासून बंद."

दिवसभरात चौघांना हेच सांगितलं होतं. दोघं "अरे वा" म्हणाले, एकाने "बघू किती दिवस" म्हटलं, एकाने फुप्फुसांचा फोटो पाठवला. तुम्ही विचारलंत, "मग खाली कशाला आलात?"

मला उत्तर येईना. पाय आपोआप आले होते, तेवढंच.

"हात रिकामे आहेत ना? मग उभ्या राहा थोडं." एवढं म्हणून तुम्ही गेटचं रजिस्टर उलटं केलंत आणि अगदी शेवटच्या पानावर पट्टीने रेघा मारल्यात. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कामाचं स्वरूप. "गेटवर कोणी आलं की नोंद लागते, ताई. तल्लफ आली, तिचीही करू."

बाईच्या हातात सिगारेट दिसली की लोक आधी सिगारेटकडे बघतात, मग बाईकडे. इतकी वर्षं तुमच्यासमोर ओढली, तुम्ही कधी तसं पाहिलं नाहीत. आणि सोडायला निघाले तेव्हाही माझ्याकडे बघत बसला नाहीत, घड्याळाकडे बघितलंत. त्याबद्दल पहिले आभार.

पहिल्या रात्री नऊ नोंदी झाल्या, तिसऱ्या रात्री अकरा. ०२:१२ ते ०२:१७, तल्लफ. ०३:४० ते ०३:४६, तल्लफ. तुमचा 'ल' केवढा मोठा, दोन ओळी खातो. एका नोंदीत 'कामाचं स्वरूप' या रकान्यात तुम्ही 'भांडण' लिहिलंय, कारण त्या वेळी मी तुमच्यावरच ओरडले होते. कशावरून ते आठवत नाही. खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला, एवढंच निमित्त असावं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं, म्हणजे दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ संपतं आणि त्याच दिवसांत शरीर सर्वांत जास्त मागणी करतं. ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीन चिकटण्याच्या जागा वाढलेल्या असतात, त्या पुन्हा कमी व्हायला कित्येक आठवडे जातात. तोवर मधूनमधून हाका येतच राहणार. पण एक हाक काही मिनिटंच टिकते. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माहीत आहे, आमच्या रजिस्टरमध्ये आहे. कारण तोवर पंधरवड्याची पानं भरली होती आणि त्यातली एकही तल्लफ सात मिनिटांच्या पुढे गेली नव्हती. आत, खुर्चीवर बसून ती तासभराची वाटायची. तुमच्या घड्याळात सहा मिनिटांची निघायची.

एकदा मी विचारलं होतं, तुम्ही कधी ओढली होती का? तुम्ही म्हणालात, "मला कसलंच व्यसन नाही. पण रात्रभर खुर्चीवर बसतो. वेळ कसा जात नाही ते मला माहीत आहे." सोडवणाऱ्याने स्वतः सोडलेली असली पाहिजे असं लोक म्हणतात. मला नाही तसं वाटत.

मधेच एक गंमत झाली, ती तुम्हाला सांगायची राहिली. चौथ्या-पाचव्या रात्री छातीत धडधडायला लागलं, हात थरथरत होते, झोप तर नव्हतीच. वाटलं, हे आपल्याला झेपणारं नाही. निघालं भलतंच. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॉफीतलं कॅफिन झपाट्याने निकामी करतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तेवढ्याच कॉफीतून रक्तात जवळजवळ दुप्पट कॅफिन साचू शकतं. मी कपांमागून कप कॉफी रिचवत होते आणि दोष सिगारेट सोडण्याला देत होते. कॉफी निम्मी केली, दोन दिवसांत धडधड थांबली. खोकलाही सोडल्यावरच वाढला, तेव्हा तुम्ही घाबरला होतात. श्वासनलिकेतले झोपलेले बारीक केस पुन्हा हलायला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून तो खोकला. बद्धकोष्ठही झालं होतं, पण ते गेटवर कुठे सांगायचं!

आता एकोणिसावा दिवस. त्या रात्री मी खाली आले नाही, असं तुम्हाला वाटलं होतं. मी मागच्या जिन्याने गच्चीवर गेले आणि कोणाकडून तरी घेऊन ओढली. अर्धी. चव घाण लागली, डोकं गरगरलं, तरी विझवली नाही, अर्ध्यापर्यंत ओढत राहिले. दुसऱ्या रात्री तुम्ही रजिस्टर उघडून म्हणालात, "काल नोंद नाही." मी सांगून टाकलं, आणि म्हटलं की आता सगळं गेलं, परत पहिल्यापासून. तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत. "रजिस्टरमध्ये चूक झाली म्हणून रजिस्टर फेकत नाही कोणी. एक रेघ मारायची, बाजूला सही करायची, खालची ओळ लिहायची." ती रेघ आणि माझी सही अजून आहे तिथे. त्यानंतर एकही ओढलेली नाही.

हे पत्र तुमचं आहे, पण दोघांचा उल्लेख राहिला तर मला चैन पडणार नाही. माझी बहीण रोज सकाळी फक्त एक आकडा पाठवायची. ३. ४. ५. ना सल्ला, ना फुलं. विसाव्या दिवशी तिला अर्ध्या सिगारेटचं सांगितलं, तर तिने २० च पाठवला. आणि माझ्याबरोबर ओढायला उतरणारा सहकारी महिनाभर दुसऱ्या दाराने बाहेर जात होता, हे मला फार उशिरा कळलं. तो अजून ओढतो. तरी त्याने एवढं केलं.

एक शास्त्रीय बातमी मी तुम्हाला गेटवर वाचून दाखवली होती, आठवतं? २०१६ साली ब्रिटनमधल्या ६९७ जणांवरचा अभ्यास. निम्म्यांनी ठरल्या दिवशी एकदम सोडली, निम्म्यांनी आधी दोन आठवडे कमी करत नेऊन मग सोडली. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, दुसऱ्या गटातले ३९. मी मोठ्या ऐटीत वाचत होते. पुढचं वाक्य आलं तशी ऐट उतरली, सहा महिन्यांनी पहिल्या गटातले २२ टक्केच उरले होते. शिवाय दोन्ही गटांना निकोटीनच्या पट्ट्या आणि नर्सचं समुपदेशन मिळत होतं. माझ्या मावसभावाची पट्ट्या लावूनच सुटली, त्यामुळे एकदम सोडणं म्हणजेच खरं सोडणं असं मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही त्या आकड्यांतून भलतंच उचललंत. "म्हणजे त्यांच्याकडेही कोणीतरी होतंच की."

पुढे नोंदी विरळ झाल्या. रात्रीला दोन, मग आठवड्याला दोन. मग मी नुसतीच गप्पा मारायला यायला लागले आणि तुम्ही 'कामाचं स्वरूप'मध्ये 'काही नाही' लिहायला लागलात. मग कामाचा रेटा वाढला आणि तेही राहिलं. तुमची ड्यूटी सहाला संपायची, मी सातला निघायचे. चुकामूक होत राहिली. तेवढ्यात तो सोमवार आला.

गेल्या आठवड्यात ते रजिस्टर भरलं. नव्या वॉचमननी गठ्ठ्यात बांधण्याआधी मला हाक मारली, "मॅडम, मागे हे काय लिहिलंय?" मी पानं चाळली. शेवटची ओळ तुमच्या शेवटच्या रात्रीची आहे, मला माहीतच नव्हती. आल्याची वेळ ०२:००, गेल्याची वेळ ०२:३०. आणि पुढे त्या दोन ओळी खाणाऱ्या 'ल'मध्ये: 'ताईंची वाट पाहिली. आल्या नाहीत. बरं झालं.'