अमृत कोकमाच्या एका पेल्यातली साखर मोजून दाखवणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली होऊन आता सहा महिने होत आले. निघताना तुम्ही ‘माझे नाव कुठे घालू नका’ असे बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र जाणूनबुजून जाहीर लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्या पडवीत बसून जे समजावून सांगितलेत, ते देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत फॅटी लिव्हरचा, म्हणजे यकृतात चरबी साठल्याचा, रिपोर्ट हातात घेऊन ‘तेलकट बंद’ एवढ्याच सल्ल्यावर दिवस काढणाऱ्या माझ्यासारख्या बायकांच्या कानावर पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तीन वर्षांपूर्वी पोटाच्या उजव्या बाजूला जडपणा वाटू लागला, तेव्हा केलेल्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे आले. ज्यांना रिपोर्ट दाखवला, त्यांनी दोन मिनिटांत तेल, तूप आणि खोबरे बंद करायला सांगितले. साखरेचा विषयच निघाला नाही. मी तो सल्ला अक्षरशः पाळला. वाटणाचे खोबरे सोडले, मासे तळणे सोडले, पुढे तर मासेच सोडले, आणि भूक लागली की चहा-टोस्ट नाहीतर सरबत घेऊ लागले, कारण त्यांत मला तेल दिसत नव्हते. दोन वर्षांनी वजन 68 वरून 71 किलो झाले, यकृताला होणारी इजा दाखवणारे रक्तातले एसजीपीटी 78 झाले आणि सोनोग्राफीत ग्रेड टू आले. त्याहून जिव्हारी लागली ती लोकांची कुजबुज. लिव्हरचा आजार म्हटला की दारूच, असे आपल्याकडे समीकरण आहे; ज्या बाईने आयुष्यात कधी थेंब घेतला नाही, तिला नातेवाइकांसमोर खुलासे करावे लागतात. या आजाराचे जुने नावच ‘मद्याशी संबंध नसलेला’ असे नकारातून सुरू होत असे आणि 2023 साली जगभरातील तज्ज्ञांनी ते बदलून चयापचयातील बिघाडाशी जोडलेले नाव दिले, हे तुमच्याकडून ऐकले तेव्हा मला किती हलके वाटले, ते तुम्हाला तेव्हा सांगता आले नाही, आज सांगते.

शाळेतल्या आरोग्य शिबिरात तुम्ही माझ्या हातात छापील तक्ता दिला नाहीत. दिवसभरात काय काय तोंडात जाते, असे विचारलेत, आणि मी कोकमाचा घरगुती उद्योग करते हे कळल्यावर ‘मी येऊन बघते’ म्हणालात. मे महिन्याचा शेवट होता. मिरगाच्या आत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, संपवायचे म्हणून पडवीत ढीग पडला होता, गटातल्या बायका फळे फोडत होत्या आणि सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. दारात आलेल्या माणसाला सरबत द्यायची आमच्याकडची रीत, त्याप्रमाणे मी तुमच्यापुढे पेला ठेवला. तुम्ही तो नाकारला नाहीत. फक्त वजनकाटा मागितलात. नेहमी एका पेल्याला मी जेवढे अमृत कोकम, म्हणजे साली साखरेत मुरवून केलेला पाक, घालते, तेवढे काट्यावर ओतायला लावलेत. ते 45 ग्रॅम भरले. त्यात 65 टक्के साखर, म्हणजे साधारण 29 ग्रॅम, असा हिशेब करून तुम्ही रिकामी वाटी काट्यावर ठेवलीत आणि काटा 29 दाखवीपर्यंत तीत चमच्याचमच्याने कोरडी साखर घातलीत. सहा चमचे झाले तरी थोडी कमीच होती. एक किलो सालींना दोन किलो साखर हे प्रमाण मी वीस वर्षे हाताने घालत आले आहे. तरीही ती वाटी पाहीपर्यंत पेल्यातली साखर मला कधी दिसली नव्हती.

हंगामात चव पाहता पाहता माझ्या पोटात असे तीन पेले सहज जात, आणि वर दोन-दोन चमचे साखरेचे पाच चहा. सगळे मिळून दिवसाला 130 ग्रॅमच्या पुढे. वरून घातलेली किंवा सरबत-रसातून येणारी साखर दिवसभरातल्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे 25 ग्रॅमच्या आत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले आहे. माझा पहिला पेलाच ती मर्यादा ओलांडत होता.

त्यानंतर बाटलीच्या लेबलच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही जे चित्र काढलेत, ते मी अजून डब्यात जपून ठेवले आहे. साखरेच्या रेणूचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी वापरते, फ्रुक्टोजचा भार मात्र मुख्यतः यकृतावर पडतो. आमच्या माडांना पाटाचे पाणी सोडलेले तुम्ही पाहिले होते, त्याचाच दाखला दिलात : ग्लुकोजच्या पाटाला मध्ये एक बांध आहे, पेशीला पुरेशी ऊर्जा मिळाली की तो पाणी अडवतो, फ्रुक्टोज त्या बांधाला वळसा घालून येते, त्यामुळे जेवढे येईल तेवढे यकृताला रिचवावे लागते आणि उरलेल्याची तिथेच चरबी बनते. एवढेच नव्हे, तर चरबी बनवणारी विकरेही (एन्झाइम्स) त्यामुळे अधिक जोमाने काम करू लागतात. माझ्या दोन वर्षांच्या पथ्याचे काय झाले होते, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. तेल मी वरून थांबवले होते, पण चरबी आतच तयार होत होती.

‘मग खाल्लेले तेल यकृतात जातच नाही का?’ असे मी विचारले होते. त्यावर तुम्ही अमेरिकेतल्या 2005 सालच्या एका मोजणीची माहिती दिलीत. फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांच्या यकृतातील चरबी कुठून आली याचा माग काढला, तेव्हा सुमारे 59 टक्के अंगावरच्या चरबीतून रक्तात सुटून आलेली, 26 टक्के यकृताने स्वतः बनवलेली आणि केवळ 15 टक्के आहारातल्या स्निग्ध पदार्थांतून थेट आलेली निघाली. निरोगी माणसात यकृताने बनवलेल्या चरबीचा वाटा याहून बराच कमी असतो. पोटावरची चरबी वाढली आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले, की ती चरबी रक्तात झिरपत राहते, हे सांगून तुम्ही शिवणाची टेप मागवलीत. माझी कंबर 94 सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या बाईची ती 80 च्या आत असावी, हे मला पन्नाशीनंतर प्रथमच कळले.

मात्र ‘साखर वाईट, तेल-खोबरे हवे तेवढे खा’ असा सोपा निकाल तुम्ही दिला नाहीत, आणि तुमच्याविषयी मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचसाठी. फिनलंडमध्ये झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 38 जाड माणसांना तीन आठवडे रोज 1000 किलोकॅलरी जादा खायला दिल्या होत्या. ज्यांना त्या लोणी, चीज आणि खोबरेल अशा संपृक्त स्निग्धांतून मिळाल्या, त्यांच्या यकृतातील चरबी 55 टक्क्यांनी वाढली. साखरेतून मिळाल्या त्यांची 33 टक्क्यांनी आणि असंपृक्त तेलांतून मिळाल्या त्यांची 15 टक्क्यांनी. खोबरेलाचे नाव ऐकून मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. माडाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला ते ऐकवत नाही. तुम्ही ते ओळखलेत. खोबरे सोडू नका, मोजा, असे सांगितलेत. चार माणसांच्या आमटीला अख्खी कवड, म्हणजे अर्धा नारळ, खवण्याऐवजी मूठभर खोबरे, आणि आठवड्यातून दोनदा खोबऱ्याशिवायचे कालवण. चहाबरोबरच्या टोस्ट-खारीत साखर आणि पामतेल किंवा वनस्पती तूप दोन्ही एकत्र येतात, म्हणून त्या तेवढ्या कायमच्या सोडा, हे मात्र तुम्ही ठामपणे सांगितलेत.

उगाच सोडलेले मासे तुम्ही मला परत दिलेत, याचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू? बांगडा आणि तारली यांच्या अंगची चरबी वेगळ्या जातीची, हितकारक असते, हे कळल्यावर त्याच संध्याकाळी मी बांगड्याचे तिखले केले : तिरफळे, सोले, मिरची, हळद आणि नावाला तेल. दोन वर्षांनी घरात तो वास दरवळला, तेव्हा सासूबाई काठी टेकत चुलीपर्यंत आल्या. सकाळी उकड्या तांदळाची वाटीभर पेज आणि उसळ, रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, हे सगळे आमच्याच घरचे जेवण होते. ते तुम्ही फक्त मापात बसवून दिलेत. गुळाबाबत माझा हट्ट होता, तोही तुम्ही शांतपणे मोडलात. गुळातही मुख्यतः तीच साखर असते, यकृताला दोन्ही सारखेच. हापूस जेवणाबरोबर कापून अर्धा खावा, साखर घातलेला वाटीभर रस नव्हे, हेही मी यंदा पाळते आहे.

गेल्या मार्चमध्ये पुन्हा तपासण्या केल्या. वजन 65 किलो, म्हणजे सुमारे साडेआठ टक्के कमी, कंबर 87, एसजीपीटी 34, सोनोग्राफीत ग्रेड वन. वजन 5 टक्के उतरले की यकृतातील चरबी घटते आणि 7 ते 10 टक्के उतरले की सूजही ओसरू लागते, असे तुम्ही म्हणाला होतात. कोल्हापूरला जाऊन यकृताचा ताठरपणा मोजणारा फायब्रोस्कॅनही करून घेतला. यकृत अद्याप ताठरलेले नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. व्रण धरून पुढे सिऱ्होसिसच्या वाटेला लागण्यापूर्वी मला अडवणारे कोणीतरी भेटले, या जाणिवेने परतीच्या एस.टी.त गगनबावड्याच्या घाटात माझे डोळे भरून आले होते.

आता उद्योगाविषयी. अमृत कोकम बंद करा, असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, कारण त्यावर आठ घरे चालतात हे तुम्हाला ठाऊक होते. परंतु यंदा गटाच्या बैठकीत आम्ही दोन निर्णय घेतले. रातांब्यांचा निम्मा माल मीठ घालून आगळासाठी, म्हणजे खारवलेल्या रसासाठी, ठेवला आहे, त्यात साखरेचा कणही घातलेला नाही. आणि अमृत कोकमाच्या प्रत्येक बाटलीवर ‘एका पेल्यात सुमारे 29 ग्रॅम साखर’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. गिऱ्हाईक जाईल, अशी दोघी-तिघींना धास्ती होती. मी त्यांना ती साखरेची वाटी पुन्हा काट्यावर भरून दाखवली, मग कोणी काही बोलले नाही.

पहिल्या घाण्याच्या आगळाच्या दोन बाटल्या तुमच्यासाठी बाजूला काढल्या आहेत. नवा पत्ता कळवलात की लगेच पाठवते. पेलाभर पाण्याला दोन चमचे पुरतात, आणि त्यात थोडी जिऱ्याची पूड घालावी.

तुमची ऋणी,
देवगड तालुक्यातील एक कोकम उद्योजिका