राजाचं मुंडकं गेलं, पण लढणाऱ्या शिपायाच्या हाती काय आलं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या यादवी युद्धावर लेख आला होता. आमच्या गावच्या अभ्यासिकेत तो अंक आठवडाभर हातोहात फिरला, कारण इथं पोलीस भरती अन् एमपीएससीची तयारी करणारी पोरंपोरी बसतात आणि जगाच्या इतिहासाचं मराठीत काही आलं की लगेच कात्रण काढून ठेवतात. लेख सोपा होता, वाचायला बरा वाटला, त्याबद्दल लेखकाचे आभार. पण शेवटी जे लिहिलं की धर्माच्या भांडणातून युद्ध पेटलं, राजेशाही पडली आणि इंग्लंडमध्ये लोकशाही आली, ते मला अजिबात पटलं नाही. पोट्ट्यांनी नेमकं तेच वाक्य वहीत उतरवून घेतलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

भांडण आधी पैशावरून होतं साहेब. पहिला चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला. १६२८ मध्ये पार्लमेंटनं त्याच्याकडून मान्य करून घेतलं की आमच्या संमतीशिवाय कर बसवायचा नाही, कारण न दाखवता कोणाला तुरुंगात टाकायचं नाही. राजानं हो म्हटलं आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंट बरखास्त करून टाकलं, मग ११ वर्षं बोलावलंच नाही. आता राज्य चालवायला पैसा तर लागतोच, मग जुनी दप्तरं उकरून शिप मनी नावाचा कर बाहेर काढला. लढाईच्या दिवसात समुद्रकाठच्या गावांनी आरमारासाठी जहाज द्यायचं नाही तर त्याचा पैसा भरायचा, असा तो जुना रिवाज होता. चार्ल्सनं १६३५ पासून तो सगळ्या देशावर लावला, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही त्यांच्यावर पण. जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदारानं भरायला नकार दिला. त्याच्या एका जमिनीवर २० शिलिंग बसले होते, त्याच्यासारख्याला ही रक्कम म्हणजे काहीच नाही, पण विचारल्याशिवाय घेता कसे हा त्याचा मुद्दा होता. १२ न्यायाधीश बसले, १६३८ मध्ये निकाल लागला, ७ राजाच्या बाजूनं आणि ५ विरोधात. राजा केस जिंकला, पण राजानंच नेमलेल्या पाच न्यायाधीशांनी त्याच्या विरोधात मत दिलं ही गोष्ट देशभर झाली.

मग धर्म कुठं आला? आला ना, आणि लय वाईट रीतीनं आला, मी ते नाकारत नाही. इंग्लंड प्रोटेस्टंट, अन् राणी फ्रान्सची, कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारी. इंग्लंडच्या चर्चचा मोठा धर्मगुरू आर्चबिशप विल्यम लॉड चर्चमध्ये पूजेचं टेबल बाजूला नेऊन कठडे लावायला लागला, प्युरिटन म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट लोकांना वाटलं हे आपल्याला परत पोपच्या दावणीला बांधतात. विरोधात पुस्तकं लिहिली म्हणून १६३७ मध्ये तिघांचे भर चौकात कान कापले, त्यात एक वकील, एक डॉक्टर आणि एक पाद्री. शिकलेल्या प्रतिष्ठित माणसांना अशी शिक्षा, लोक सुन्न झाले. त्याच वर्षी राजानं स्कॉटलंडवर नवीन प्रार्थनापुस्तक लादलं, न विचारता. एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला सुरुवात केली तशा बाया उठल्या आणि बसायचे स्टूल पाद्र्याच्या अंगावर फेकले. स्कॉटलंडशी लढाई लागली, लढाईला पैसा पाहिजे, आणि पैशासाठी १६४० मध्ये झक मारून पार्लमेंट बोलवावं लागलं. म्हणजे धर्म आणि पैसा असे एकमेकात अडकले. पण लक्षात घ्या, दोन्हीकडं राजाची खोड एकच, न विचारता करायचं.

नंतर १६४१ च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला. तो मोडायला फौज पाहिजे हे राजालाही मान्य, पार्लमेंटलाही मान्य. प्रश्न एवढाच की फौज कोणाच्या हाताखाली द्यायची, कारण राजाच्या हाती दिली तर तो तीच आपल्यावर आणेल ही भीती. माझ्या मते सगळं युद्ध या एका भीतीत आहे. आणि ४ जानेवारी १६४२ ला राजानं ती खरी करून दाखवली, हत्यारबंद माणसं घेऊन स्वतः पार्लमेंटच्या सभागृहात घुसला, पाच सभासदांना पकडायला. ते आधीच सटकले होते. राजा अध्यक्षाच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि विचारलं कुठं आहेत. अध्यक्ष विल्यम लेंथॉल, तसा काही फार शूर माणूस नव्हता, तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला की या ठिकाणी मला बघायला डोळे नाहीत अन् बोलायला जीभ नाही, हे सभागृह सांगेल तेवढंच. तुमच्या लेखात हा प्रसंग एका ओळीत उरकला, मला वाटते तो नीट सांगायला पाहिजे होता.

मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. त्यातल्या लढाया मी सांगत बसत नाही, एजहिल, मार्स्टन मूर, नेझबी, त्या लेखात नकाशासकट आल्या. एकाच घरात किती फाटाफूट होती तेवढं मात्र सांगतो. सर एडमंड व्हर्नी राजाचं निशाण धरून एजहिलला मेला, आणि त्याचा थोरला मुलगा राल्फ पार्लमेंटकडून होता. लढाईत आणि लढाईमागून आलेल्या रोगराईत मिळून एकट्या इंग्लंडात दोन लाखाच्या आसपास माणसं गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे, देशाची लोकसंख्या होती ५० लाखाच्या आसपास.

आता माझा मुख्य मुद्दा. राजा हरला, आणि १६४७ मध्ये पार्लमेंट म्हणालं फौज मोडा, काही शिपाई आयर्लंडला पाठवा, बाकीचे घरी जा. पगाराचं काय? पायदळाचा १८ आठवड्यांचा थकला होता, घोडदळाचा ४३ आठवड्यांचा. तेव्हा शिपायांनी पलटणीपलटणीतून आपले प्रतिनिधी निवडले, आणि ऑक्टोबरच्या शेवटी लंडनजवळ पुटनीच्या चर्चमध्ये पार्लमेंटच्या फौजेतला बडा अधिकारी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्यासमोर बसून चर्चा केली. पगारावरून सुरू झालेली गोष्ट कुठं गेली पाहा. शिपायांच्या बाजूनं बोलणारा कर्नल रेन्सबरो म्हणाला की इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात मोठ्या माणसासारखंच एक आयुष्य जगायचं आहे, म्हणून ज्या सरकारखाली राहायचं त्याला त्याची संमती पाहिजे. १६४७ साल आहे हे! आपल्याकडं तेव्हा शिवाजी महाराज सतरा वर्षांचे. समोरून क्रॉमवेलचा जावई आयर्टन उठला, म्हणाला ज्याची देशात कायमची मालमत्ता आहे त्यालाच मत, नाहीतर उद्या बिनजमिनीवाले बहुमतानं आमच्या जमिनी वाटून घेतील. यावर सेक्सबी नावाचा साधा घोडेस्वार शिपाई जे बोलला ते वाचताना माझा गळा भरून आला, तो म्हणाला आम्ही जीव धोक्यात घातला तो आमच्या जन्मसिद्ध हक्कासाठी, आता सांगता जमीन नाही तर हक्क नाही, म्हणजे आम्ही फसलो. ही सगळी बोलणी विल्यम क्लार्क नावाच्या कारकुनानं भराभर टिपून घेतली, ते कागद ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात पडून राहिले आणि छापून लोकांसमोर आले ते १८९१ मध्ये.

हे मी अभ्यासिकेत सांगत होतो तर बीएच्या दुसऱ्या वर्षाची एक पोरगी मधातच म्हणाली, "मंग काका, त्या शिपायाइले पगार भेटला का शेवटी?" बाकीचे हसले, पण साहेब प्रश्न एकदम बरोबर होता, अन् तुमच्या लेखात त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर असं आहे की रोख पैसा थोडाच भेटला, बाकीच्या रकमेचे लेखी कागद हाती दिले की एवढं देणं आहे, पुढं जमिनीतून फेडू. गरीब शिपाई किती दिवस थांबणार, त्यांनी ते कागद मिळेल त्या भावात विकून टाकले, घेणारे बहुतेक त्यांचेच अधिकारी. आपल्याकडं चुकारा लांबला की शेतकरी घरातला कापूस खेडा खरेदीवाल्याला पडेल भावात देऊन मोकळा होतो ना, तसंच. आणि जमीन कोणाची होती? काही राजाची अन् त्याच्या माणसांची, आणि बाकी आयर्लंडच्या कॅथलिकांची. क्रॉमवेल १६४९ मध्ये तिकडं गेला, सप्टेंबरात द्रोएडा आणि ऑक्टोबरात वेक्सफर्ड इथं हजारो माणसं कापली, पाद्रीसुद्धा सोडले नाहीत, आणि त्यानंतर कायदा करून कॅथलिक जमीनमालकांच्या जमिनी काढून घेतल्या, युद्धाला पैसा पुरवणाऱ्या लंडनच्या सावकारांना आणि शिपायांच्या त्या कागदांवर वाटल्या. म्हणजे इंग्लंडच्या गरिबाचा पगार आयर्लंडच्या कॅथलिकाच्या वावरातून निघाला, आणि तोही त्याच्या हाती आला नाही. धर्माचं नाव घेऊन झालं हे सगळं, पण हिशोब जमिनीचा होता. आयर्लंडचा तुमच्या लेखात एक शब्द नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

राजाचा शेवट लेखात भरपूर आला आहे, ३० जानेवारी १६४९, थंडी होती म्हणून दोन सदरे घातले, कापरं भरलं तर लोक भ्यायला म्हणतील म्हणून. माणूस मरताना धीरानं मेला, ते खरं. पण त्याला शिक्षा देणारं कोर्ट कसं बनलं ते पण सांगा ना. ६ डिसेंबर १६४८ ला कर्नल प्राइड शिपाई घेऊन पार्लमेंटच्या दारात उभा राहिला आणि राजाशी तडजोड पाहिजे म्हणणाऱ्या सभासदांना आत जाऊ दिलं नाही, काहींना अटक केली. सात वर्षांआधी राजा ज्या गोष्टीसाठी हत्यारं घेऊन आला होता तीच गोष्ट फौजेनं केली, आणि राजापेक्षा नीट जमवली. उरलेल्या सभासदांनी खटला चालवला, ५९ जणांनी मृत्युदंडाच्या हुकमावर सह्या केल्या. मार्चमध्ये राजेपद रद्द. आणि मे महिन्यात, जे शिपाई मत मागत होते त्यांनी बंड केलं तर क्रॉमवेलनं रात्री छापा घालून शेकडो जणांना बर्फर्डच्या चर्चमध्ये कोंडलं आणि तिघांना चर्चच्या भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या, बाकीच्यांना ते बघायला लावलं. १६५३ मध्ये उरलंसुरलं पार्लमेंट पण शिपाई आणून हाकलून दिलं अन् स्वतः लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे देशाचा सर्वेसर्वा झाला. याला लोकशाही कशी म्हणायची? १६५८ मध्ये तो मेला, त्याच्या पोराला काही जमलं नाही आणि १६६० मध्ये मेलेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स वाजतगाजत परत आला. याच चार्ल्सला पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्नात मुंबई आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. एवढं जवळचं नातं आहे आपलं या गोष्टीशी, तेही लेखातून सुटलं.

पुटनीला जे मागितलं होतं ते इंग्लंडच्या सगळ्या पुरुषांना मिळालं १९१८ मध्ये आणि बायांना पुरुषांच्या बरोबरीनं १९२८ मध्ये. आपल्या घटनेनं पहिल्याच निवडणुकीत, १९५१-५२ ला, सगळ्यांना एकदम दिलं, जमीन विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही, बाई का माणूस विचारलं नाही. पोरांना हे समजलं पाहिजे, कारण अभ्यासिकेत आजकाल मी ऐकतो की देशाला एखादा कडक माणूसच पाहिजे, संसद वगैरे टाइमपास आहे. क्रॉमवेलबद्दल पण तेव्हा लोक असंच म्हणत होते.

आणखी एक. धर्मावरूनच राज्यं पडतात असं ज्याला वाटते त्यानं आपल्या विदर्भाकडं पाहावं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं औरंगजेबाची मदत मिळावी म्हणून इस्लाम घेतला, त्यानंच नागपूर वसवलं, प्रजा आपली होती तशीच राहिली आणि धर्मावरून राज्य काही गेलं नाही. गेलं ते पुढचा राजा चांद सुलतान याच्यानंतर वारसाच्या भांडणात, मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावलं आणि १७४३ मध्ये नागपूर भोसल्यांकडं गेलं, गोंड राजा पेन्शनवर राहिला. पुढं भोसल्यांचंही राज्य वारस नाही म्हणून १८५४ मध्ये इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीनं खालसा केलं. या गोष्टी आमच्या पोट्ट्यांना चार्ल्सच्या तारखांइतक्याही माहीत नाहीत.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत पुटनीच्या चर्चेचा थोडा भाग साध्या मराठीत छापा, रेन्सबरो, आयर्टन आणि सेक्सबी तिघांचं बोलणं, अर्धं पान दिलं तरी चालेल. आणि आयर्लंडवर वेगळा लेख त्याच लेखकाकडून घ्या, त्यांना लिहिता येते. जमलं तर पुढच्या महिन्यातच द्या, पोरांची पूर्वपरीक्षा त्यानंतर आहे.

आपला,
एक नियमित वाचक
ता. आर्णी, जि. यवतमाळ