लष्करी काडतुसे आणि शिकारी रायफल: एक आवश्यक दुरुस्ती

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी स्थायिक झालेल्या एका नाशिककराने अमेरिकेतील हरणांच्या शिकारीच्या हंगामावर लिहिलेला लेख वाचला. लेख वाचनीय आहे. परंतु 'लष्कराच्या जुन्या साठ्यातील काडतुसे स्वस्त पडतात आणि माप एकच असल्याने शिकारी रायफलीत बिनदिक्कत चालतात' हे त्यातील विधान वाचून, लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून उभी नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला गप्प बसवेना. आपला अंक दिंडोरी-निफाडकडेही जातो आणि तिकडे काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची रायफल आजही आहे, म्हणून हे पत्र.

लेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. लष्कराचे ५.५६ मिलिमीटरचे काडतूस आणि नागरी .२२३ रेमिंग्टन बाहेरून जवळपास सारखेच दिसतात. लष्करी काडतूस .२२३च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) बसते, मागून ती बंद करणारा बोल्टही बंद होतो, आणि माणूस फसतो तो इथेच. लष्करी रायफलीत गोळीचे टोक आणि गोळीला फिरकी देणारे नळीतील आटे यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. नागरी चेंबरमध्ये ती कमी असते. त्यामुळे लष्करी काडतुसाची गोळी पितळी पुंगळीतून सुटताच आट्यांना भिडते आणि दाब त्या रायफलीने सोसावा त्याहून वर जाऊ शकतो. काडतुसाच्या बुडातील, बार पेटवणारी कॅप सैल होऊन बाहेर येणे किंवा बोल्ट उघडायला जोर लागणे ही त्याची पहिली लक्षणे होत.

आमच्या लष्करी एसएलआर रायफलीच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. त्याचे नागरी भावंड .३०८ विंचेस्टर १९५२ साली बाजारात आले आणि नाटोने ७.६२ला मान्यता दिली ती १९५४ साली. लष्करी चेंबर काही सहस्रांश इंचाने लांब असते आणि लष्करी पुंगळीचे पितळ जाड असते, म्हणून इथे लष्करी काडतूस नागरी रायफलीत घालण्यापेक्षा पातळ पितळेचे नागरी काडतूस जुन्या लष्करी रायफलीत घालणे जास्त जोखमीचे. पुंगळी ताणली जाऊन मधूनच तुटू शकते. एका जोडीचा अनुभव दुसरीला लावला की घोटाळा होतो, आणि लेखकाने बहुधा तेच केले असावे.

स्वस्ताईचे म्हणाल, तर जुन्या लष्करी काडतुसांच्या कॅपमध्ये अनेकदा पोटॅशियम क्लोरेट असते. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत राहतो, तो हवेतील ओल ओढून घेतो, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात अशी नळी एका रात्रीत गंज धरू लागते. हा क्षार तेलाने निघत नाही, त्याला पाणीच लागते. थ्री नॉट थ्री (.३०३) रायफलीच्या जमान्यात फैरी संपल्या की नळीत उकळते पाणी ओतत आणि त्यानंतरच पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून तेलाचा हात फिरवत. ज्यांनी एनसीसीत रायफल साफ केली आहे, त्यांना चिंदी म्हणजे काय हे सांगायला नको.

शिकारीच्या अंगाने पाहिले तरी ही गोळी चुकीचीच आहे. हेगच्या १८९९च्या जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या, म्हणून लष्करी गोळीवर पूर्ण धातूचे कवच असते. (पसरणाऱ्या गोळ्यांना ज्या गावाचे नाव चिकटले, ते डमडम आपल्याच कोलकात्याजवळचे.) कवचाची गोळी हरणातून आरपार जाते, जनावर जागी न पडता जखमी होऊन पळते आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरते. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणावर अशी गोळी झाडायला कायद्यानेच मनाई आहे. लेखात याविषयी अवाक्षर नाही, याचे आश्चर्य वाटले.

आता आपल्याकडचे. गेल्या पावसाळ्यात दिंडोरी तालुक्यातील एका परिचित शेतकऱ्याने मला बोलावून घेतले. गोठ्याच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचा पत्र्याचा डबा सापडला होता आणि त्यात थ्री नॉट थ्रीची अकरा काडतुसे होती. बुडावर खडकीच्या कारखान्याची 'के एफ' ही अक्षरे आणि काडतुसाचा प्रकार सांगणारा रोमन सात. 'काका, आपल्या तीनशे पंधरात चालतील का? डुकरांनी मका ठेवला नाही,' असे त्याने विचारले. थ्री नॉट थ्री आणि त्याच्या .३१५ रायफलीचे काडतूस या दोन्हींच्या पुंगळ्यांची घडण वेगळी, हे तर झालेच. पण मी भिंग लावून पाहिले तेव्हा चार काडतुसांच्या मानेवर केसाएवढ्या उभ्या चिरा होत्या. ब्रिटिश फौजेला हा रोग हिंदुस्थानातच कळला: पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेला मुतातील अमोनियामुळे चिरा पडत. तबेला काय आणि गोठा काय!

शिवाय थ्री नॉट थ्री हा निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेले नळीचे माप आहे. फौजेचा दारूगोळा आणि नागरिकाची बंदूक एकमेकांशी जुळू नयेत, हे धोरण आपल्याकडे फार जुने आहे. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींना उपयोगी पडेल असा दारूगोळा बंडखोरांच्या हाती लागू नये, म्हणून इंग्रज सरकारने १९०७ साली .४५० बोअरवर बंदी घातली आणि त्यातूनच .४७०सारखी नवी शिकारी मापे जन्मली. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार असा साठा विनापरवाना बाळगणे गुन्हा आहे. सापडल्यास तो जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा लागतो. रानडुक्कर मारायलाही १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वन खात्याची रीतसर परवानगी हवी. त्या शेतकऱ्याबरोबर मी स्वतः ठाण्यात गेलो. डब्याला हात न लावता आधी ठाण्यात कळवले असते तर अधिक बरे झाले असते, असे ठाणे अंमलदारांनी आम्हा दोघांनाही सुनावले, आणि ते रास्तच होते.

उपरोक्त विधानाची दुरुस्ती येत्या रविवारी, शक्यतो त्याच पानावर, छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आर्मरर, नाशिकरोड