कपडेवाल्या मावशींना जाहीर थँक्यू

मावशी, तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि पुढच्या माणसाचा शर्ट शोधायला वळता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय.

ह्यांची नोकरी गेली तेव्हाच नेमका मुलगा वाढीला लागला होता, सगळ्या पँट घोट्याच्या वर. चर्चच्या हॉलमध्ये फुकट कपडे मिळतात हे माहीत होतं पण पाय निघत नव्हता, वाटायचं कागद मागतील, पगार विचारतील, आणि आम्ही काही चर्चला जाणारे नाही ते वेगळंच. तुम्ही विचारलंत काय तर "कितवीत आहे, अंगाने कसाय?" बास. मग त्यालाच हँगरवरचं निवडू दिलंत, त्याने भडक पिवळा स्वेटर उचलला, मी काही बोलणार तेवढ्यात तुम्ही डोळ्यांनीच मला गप्प केलंत.

पुढे मी तुमच्यासोबत लोकांनी दिलेल्या कपड्यांच्या पिशव्या सोडायला बसायला लागले तेव्हा काम कळलं. कपडा उजेडात धरून काख आणि गुडघा बघायचा, चेन दोनदा वरखाली करायची, प्रत्येक खिशात हात घालायचा (लोक काय काय विसरतात बाप रे), सुटलेलं बटण तिथल्या तिथे लावायचं. जे आपण स्वतः घालणार नाही ते टांगायचं नाही हा तुमचा नियम, त्यामुळे अर्धी पिशवी चिंध्यांत जाते, आणि फाटकंतुटकं देऊन पुण्य मिळवणाऱ्यांचा तुम्हाला जो राग येतो तो मला आता पूर्ण पटलाय.

तुम्ही बायबलमधल्या टबीथाची गोष्ट सांगितलीत आणि मला वाचायचा नादच लागला. यापो गावची टबीथा, म्हणजेच डॉर्कस, ती गेल्यावर गावातल्या विधवा रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, तिने शिवलेले अंगरखे दाखवतात, प्रेषितांची कृत्ये अध्याय 9. तिच्याच नावाने 19व्या शतकात चर्चच्या बायकांनी गरिबांना कपडे पुरवायला ठिकठिकाणी डॉर्कस सोसायट्या काढल्या. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर डग्लसमध्ये 1834 ला निघाली, कॉलऱ्यातून वाचलो म्हणून देवाचे आभार मानायला. अमेरिकेत बॅटल क्रीकला अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या बायकांनी 1874 मध्ये तसंच मंडळ काढलं. तेव्हा कापड महाग, त्यामुळे एकत्र बसून नवं शिवायचं हेच मुख्य काम होतं, आता तयार कपड्यांचा ढीग पडलाय म्हणून आपण शिवण्यापेक्षा निवडतच जास्त बसतो. मधे 1902 ला बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट पंथाच्या पाळकाने वेगळीच शक्कल काढली, जुने कपडे गोळा करायचे, गरजूंनाच मजुरी देऊन ते दुरुस्त करून घ्यायचे आणि विकायचे, त्यातूनच गुडविल ही संस्था उभी राहिली.

पण सगळंच गोड नाहीये हां. इंग्लंडमध्ये 1697 चा कायदा होता, पॅरिशकडून, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या हद्दीकडून, मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीवर खांद्यापाशी लाल किंवा निळ्या कापडाचं पी अक्षर लावून फिरायचं, शेजारी पॅरिशच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि नाही लावलं तर मदत बंद. 1810 मध्ये तो रद्द झाला. आणि नंतरसुद्धा कितीतरी धर्मादाय मंडळं आधी चौकशी करायची, माणूस "लायक" आहे का बघायची, मगच हात सैल सोडायची. हे वाचलं आणि तुमच्याकडे रजिस्टर का नाही ते कळलं, मला आधी वाटायचं तुम्हाला लिहायचा कंटाळा आहे! पडदा लावून केलेली ती ट्रायल रूम, तो मोठा आरसा, टॅग काढून टाकायची तुमची घाई, या सगळ्यामुळे माझ्या पोराला आजपर्यंत वाटतं की आपण त्या दिवशी शॉपिंगला गेलो होतो.

तर मावशी, मनापासून थँक्यू, तुम्हाला आणि मागे इस्त्री करत उभ्या असलेल्या सगळ्यांना. ह्यांना काम लागलंय. पिवळा स्वेटर आता लहान झालाय, धुऊन ठेवलाय, कोपराला रफू केलंय, शनिवारी घेऊन येते, आणि काळ्या चेन संपल्यात म्हणाला होतात ना, त्या पण आणते.