मागणीपत्रावर नुसते 'आरटीडी' लिहून भागत नाही

महोदय,

तापमान चुकीचे दिसू लागले की पहिला संशय सेन्सरवर जातो. मागणीपत्रावर लिहिले जाते, 'आरटीडी, १ नग'. आरटीडी म्हणजे प्लॅटिनमच्या विद्युत रोधावरून तापमान मोजणारा सेन्सर. नवा बसतो आणि चूक तशीच राहते, कारण पुष्कळदा दोष तारांत नाहीतर बसवण्यात असतो.

प्लॅटिनम तापले की त्याचा रोध वाढतो, आणि किती वाढणार हे पक्के ठरलेले असते. पीटी-१०० या नेहमीच्या आरटीडीचा रोध शून्य अंश सेल्सियसला १०० ओहम, तर १०० अंशांना १३८.५१ ओहम. म्हणजे अंशामागे जेमतेम ०.३८५ ओहम. सगळी गोम इथेच आहे. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०३६ ओहम असतो. सेन्सर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ०.७२ ओहम झाले. दोनतारी जोडणीत कंट्रोलर, म्हणजे सेन्सर वाचणारे उपकरण, तेही तापमानातच धरतो आणि जवळजवळ दोन अंश जास्त दाखवतो. तीनतारी जोडणीत ही भर वजा होते, पण तारा सारख्या लांबीच्या आणि जाडीच्या असतील तरच. एका टर्मिनलला गंज चढला की हिशेब फिसकटतो. चारतारीत ही भानगडच नाही. दोनच तारा उपलब्ध असतील तर पीटी-१००० (शून्य अंशाला १००० ओहमचा) घ्यावा, तारेची चूक दहापट कमी होते. कंट्रोलरला तो चालतो का, हे आधी पाहावे.

आयईसी ६०७५१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० अंशांना अचूकतेच्या 'ए' वर्गात ०.३५ अंश, 'बी' वर्गात ०.८ अंश फरक इकडेतिकडे चालतो. 'ए' वर्ग घेऊन दोनतारी जोडणे म्हणजे पैसे पाण्यात.

सेन्सरची धातूची नळी द्रवात पुरेशी आत गेली नाही तर तिच्या धातूतून उष्णता बाहेर पळते आणि गरम द्रवाचे तापमान कमी दिसते. ६ मिमी व्यासाची नळी निदान ६० मिमी, अधिक आतल्या एलिमेंटच्या (प्लॅटिनमच्या मोजणाऱ्या भागाच्या) लांबीइतकी बुडालेली हवी. थर्मोवेलमध्ये (नळीभोवतीच्या, तळ बंद असलेल्या संरक्षक खोळीत) टोक तळाला टेकले नाही तर मधली हवा वाचन मंद करते.

नवा मागवण्याआधी मल्टिमीटर लावा. तारा कंट्रोलरपासून सोडवा. तीनतारीत दोन लाल तारांमध्ये फक्त तारेचा रोध दिसावा. लाल-पांढऱ्यात २५ अंशांना १०९.७ ओहम, अधिक तेवढाच तारेचा. मीटरवर रोधाचा आकडाच आला नाही (जोडणी तुटल्याचे दाखवले) तर एलिमेंट किंवा तार तुटली आहे. आकडा कमी भरत असेल तर बहुधा नळीत ओल शिरली आहे.

एवढे करूनही नवाच हवा असेल तर मागणी अशी लिहावी: 'पीटी-१००, बी वर्ग, तीनतारी, नळी ६ मिमी व्यास, १५० मिमी लांब, ० ते २०० अंश सेल्सियस.'

— एक उपकरण तंत्रज्ञ