डोळे मिचकाव, मग आहार घे

संपादक महोदय,

मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप आलं तेव्हा माझी मुलगी रात्री मोबाईल घेऊन बसायची आणि मला एकेक बटण शिकवायची. आता मी मदतनीसबाईंना शिकवते. वही मात्र सुटलेली नाही. वजन-उंची आधी वहीत, मग टेकडीवरच्या सादड्याखाली उभं राहून मोबाईलमध्ये. रेंज तिथेच येते. ते झाड आता आमचं ऑफिसच झालंय!

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली. बाईला मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर उजेडात उभी करायची, पदर मागे घ्यायला लावायचा, ‘डोळे मिचकाव’ म्हणायचं. सुरुवातीला सगळ्या हसायच्या. पण आधी केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पटवायचा, ओटीपी लागतो आणि आधारला जोडलेला मोबाईल नवऱ्याकडे, तो द्राक्षाच्या कामाला दिंडोरीत. मग मी संध्याकाळी त्याला फोन लावते. तो हातातलं काम टाकून आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पहिल्यापासून.

‘सेविकांना मोबाईल जमत नाही’ असं बैठकीत बोललं जातं, म्हणून हे पत्र. मोबाईल जमतो हो. मागणी एवढीच, की पडताळणी अडली तर माझ्या सहीवर त्या दिवशी आहाराचं पाकीट देता यावं. ओली बाळंतीण दीड कोस चालून येते, तिला ‘उद्या ये’ म्हणताना जीभ रेटत नाही.

– एक अंगणवाडी सेविका, ता. सुरगाणा, जि. नाशिक